लाल चिंधीची रांग

परवलाचा वेल माणसाच्या हाताशिवाय नीट फळत नाही. नराचा वेल वेगळा, मादीचा वेगळा, आणि त्यांची लग्नं लावायची हौस आमच्याकडच्या माश्यांना नाही. म्हणून उन्हं चढायच्या आत आम्ही बायकाच मांडवाखाली शिरतो, नरफूल खुडून त्याच्या पाकळ्या मागे दुमडतो आणि त्यातला पराग मादीफुलाच्या तोंडाला टेकवतो. टेकवला तर फुलाखालचं पेराएवढं परवल भरतं, नाहीतर पिवळं पडून गळतं. खिरोदबालाच्या शेतात मी हे काम कित्येक हंगाम केलं. त्या चैत्रात तिथं काय झालं ते मला कुणी शिकवू नये.

खिरोदबालाची धाकटी सून बिभा शहरातल्या वेड्यांच्या इस्पितळातून परत आली होती. तान्हं मूल गेल्यावर ती तळ्यात गळ्याएवढ्या पाण्यात जाऊन बसायची, हाका मारल्या तरी ओ द्यायची नाही. आता बरी होती. रोज झोपताना एक गोळी घ्यायची, नीट बोलायची, माझ्याशी थट्टासुद्धा करायची. पण घरात तिचं ताट वेगळं, विळी तिच्या नजरेआड लपवलेली, आणि तिची मुलगी टुकी थोरल्या जावेच्या, मलिनाच्या, कुशीत निजायची. टुकीनं आपल्याजवळ निजावं, एवढंच बिभाचं मागणं होतं.

एकदा तिनं ते सासूकडे सगळ्यांदेखत मागितलं. खिरोदबाला पान चघळत म्हणाली की वेडीच्या हाताला फूल धरत नाही असं अख्खं गाव म्हणतं, तेव्हा बघूच. एक रांग तुझी, शेजारची मलिनाची. तुझी धरली तर पोर तुझी. म्हातारीला खात्री होती, फुलंही तिच्याच घरची, तिच्या मनासारखी गळतील.

आईच्या रांगेच्या बांबूला जुन्या साडीची लाल चिंधी टुकीनंच बांधली. मी पलीकडच्या रांगेत होते. बिभा उजाडायच्या आधी यायची, दवानं चिंब व्हायची, एक फूल सोडायची नाही. मलिना जांभया देत उगवायची तोवर पराग सुकलेला असायचा. तिला सांगायला जावं तर म्हणायची, माझा हातगुण चांगला आहे, तू तुझं बघ. व्हायचं तेच झालं. बिभाची रांग लगडली आणि मलिनाच्या वेलांखाली पिवळा सडा पडला. त्या दिवशी बिभानं टुकीसाठी गोधडी धुऊन वाळत घातली.

निवाड्याला खिरोदबालानं शेजारच्या बायकांना बोलावलं. बिभाचा नवरा सुबल मान खाली घालून उभा होता. आणि लाल चिंधी मलिनाच्या उजाड रांगेवर होती.

बिभा म्हणाली, "आई, ही माझी रांग नाही. माझी ती, भरलेली."

खिरोदबाला बायकांकडे वळली. "बघा. कुठं उभी होती तेही आठवत नाही, आणि पोर सांभाळणार म्हणे."

बायका हसल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी पुढे होऊन सांगितलं की चिंधी कुणीतरी हलवलीय, काल संध्याकाळपर्यंत ती भरल्या रांगेवर होती, मी या डोळ्यांनी पाहिलीय.

म्हातारीनं माझ्याकडे मायेनं बघितलं. "मोक्षदा, तुझ्या भावाला शेवटी साखळीनंच बांधावं लागलं ना गं? रक्तातच असतं एकेकाच्या."

मी पुन्हा तेच सांगितलं, मोठ्यानं सांगितलं. पण आता बायका माझ्याकडेही तशाच बघत होत्या. एकीनं आपलं पोर माझ्यापासून दूर ओढलं.

"तुम्ही सांगा," बिभा नवऱ्याला म्हणाली. "रोज माझ्या रांगेत टोपली घेऊन तुम्हीच येत होता ना?"

सुबल म्हणाला, "काल गोळी घेतलीस का?"

नामर्द मेला.

मग खिरोदबालानं टुकीला पुढे घेतलं. चिंधी हिनंच बांधली होती, हिलाच विचारू म्हणाली. मलिनाचा हात पोरीच्या मानेवर होता. टुकीनं आईकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं आणि उजाड रांगेकडे बोट केलं.

"नक्की ना?" म्हातारीनं विचारलं. "खोटं बोललीस तर जीभ डागीन."

टुकी रडायला लागली. बिभा तिचे डोळे पुसायला वाकली, तशी मलिनानं पोरीला मागे खेचलं. बिभा थोडा वेळ तशीच वाकून राहिली. मग सरळ झाली आणि सासूला म्हणाली, "तिला डागू नका. पोर खरं बोलतेय. तीच माझी रांग. मी विसरले."

बायका चुकचुकल्या आणि आपापल्या घरी गेल्या. वाटेत एक म्हणालीसुद्धा, बिचारी, स्वतःच कबूल झाली.

भरल्या रांगेची परवलं बाजारात गेली. खिरोदबाला अजून सगळ्यांना सांगते, मलिनाचा हातगुण. मला तिनं कामावरून काढलं. बिभाला नाही काढलं. मी माझ्या कुंपणाआडून बघते ना, ती उजाडायच्या आधी येते, एकेक फूल टेकवते, आणि टुकी उठायच्या आत बिभाला मागच्या खोलीत नेऊन बाहेरून कडी लावतात.