मुंगीची चमकी

मुंगीचे पत्र येऊन बरेच दिवस झाले होते आणि मी उत्तर पाठवले नव्हते. लिहिले नव्हते असे नाही. लिहिले, खोडले, पुन्हा लिहिले. नोकरी सारी छापखान्यात गेली, दुसऱ्यांच्या मजकुरातल्या चुका काढण्यात. ती खोड अशी लागली आहे की स्वतःचे साधे वाक्यही माझ्या हातून धड पुढे सरकत नाही.

मुंगी म्हणजे माझी भाची. लहानपणी घरभर तुरुतुरु पळायची म्हणून हे नाव पडले, ते चाळिशी उलटली तरी सुटलेले नाही. बहीण सतत आजारी असायची, त्यामुळे शाळेची वर्षे तिने आमच्याच घरी काढली. फोनवर मी नुसता हुंकार देतो हे तिला ठाऊक आहे, म्हणून मला ती पत्र लिहिते.

तिने लिहिले होते: "मामा, मला नाक टोचून घ्यायचं आहे. कुणी सांगितलं म्हणून नाही, चमकी आवडते म्हणून. तुझ्या घराजवळ जी टोचणारी आहे, तिच्या दारापर्यंत दोनदा येऊन परत गेले. आता परत गेले तर पुन्हा कधी येणार नाही, मी स्वतःला ओळखते. पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी सकाळची वेळ घेतली आहे. तू येशील का? आणि खरं सांग, या वयात मला शोभेल का?"

यातली गंमत बाहेरच्या माणसाला कळायची नाही. मुंगी रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते. दिवसभर लोकांच्या दंडाला रबरी पट्टी बांधून सुया खुपसते. तिचा हात इतका हलका आहे की लोक तिच्यासाठी रांगेत थांबतात. पण सुई तिच्याकडे वळली की तिच्या तोंडचे पाणी पळते. लॅबमधल्या सगळ्यांना लस द्यायची होती, तेव्हा ही सामानाच्या खोलीत जाऊन कापसाची पुडकी लावत बसली होती.

"मुंगीच ती. दुसऱ्यांना चावायला पुढे," माझी बायको म्हणते.

मुंगीने दोन प्रश्न विचारले होते आणि मला दोन्ही अवघड. सुई दिसली की माझ्याही डोळ्यांपुढे अंधारी येते. मुंगीला लहानपणी लस टोचायला मीच घेऊन गेलो होतो, आणि नर्सने बाकावर आडवे केले ते मला. दुसरा प्रश्न तर त्याहून कठीण. कुणाला काय शोभते हे मी आजवर तोंडाने कधी सांगितलेले नाही.

"मला तरी कधी सांगितलंत?" बायको म्हणाली. "हो की नाही एवढंच विचारलंय पोरीनं. तुम्ही काय प्रबंध लिहिताय?"

"हो लिहिलं आणि तिथे मीच पडलो तर?"

"मग नाही लिहा."

"नाही लिहिलं आणि ती परत गेली तर?"

"मग जा आणि पडा," असे म्हणून ती मटार सोलायला बसली.

शनिवार उजाडला तरी उत्तर टेबलावरच होते. मी फार लवकर घराबाहेर पडलो. टोचणारीच्या दुकानाशेजारी किल्ल्या बनवणारा बसतो. त्याच्यासमोर उभा राहून मी किल्ल्या बघत राहिलो. शेवटी त्यानेच विचारले, "कुठली हरवलीय?" मी काहीतरी पुटपुटलो आणि रस्ता ओलांडला. पलीकडे जाऊन उभा राहिलो, तर वाटले तिथून तिला मी दिसणार नाही. पुन्हा अलीकडे आलो.

मुंगी आली ती पर्स पोटाशी घट्ट धरून.

"मला वाटलं तू येत नाहीस. उत्तर नाही काही नाही."

"लिहीत होतो."

"अजून?" ती हसली, पण तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

आत स्पिरिटचा वास होता आणि दाताच्या डॉक्टरकडे असते तशी एक खुर्ची. टोचणारी तरुण होती. केस बारीक कापलेले, हातभर गोंदलेली फुले, आवाज मात्र अगदी मऊ. तिने माझ्या हातात एकसारखे दोन छापील कागद दिले. टोचल्यावर काय काळजी घ्यायची त्याच्या सूचना. एक प्रत घरी न्यायची, दुसरी सही करून तिला द्यायची.

"ताई, मध्येच थांबावंसं वाटलं तर नुसतं बोट वर करा. मी लगेच थांबेन," ती म्हणाली आणि पेनाने मुंगीच्या नाकपुडीवर ठिपका काढून आरसा धरला.

"जरा वर," मुंगी म्हणाली. ठिपका पुसून वर काढला. "नको, होता तिथेच बरा होता." पुन्हा पुसला. मग तिला सुईचे पाकीट स्वतः बघायचे होते. मग तहान लागली. मी बसलो, उठलो, शर्टाचे वरचे बटण लावले आणि काढले.

"आता लांब श्वास घ्या."

"हे मी सांगते लोकांना."

"बरं, त्या चित्राकडे बघा."

"आमच्याकडे कॅलेंडर आहे. बघा म्हटलं की लगेच टोचतो आम्ही."

"मग मनात गाणं म्हणा."

"ते लहान मुलांना सांगायचं असतं हो." मुंगीचा आवाज चिरकला. "मामा, हिच्या सगळ्या युक्त्या मला आधीच दिसतात. मी काय करू?" आणि ती खुर्चीवरून उतरली. पर्स खांद्याला लावली. दाराकडे बघायला लागली.

तिची समजूत घालावी, धीर द्यावा, असे कुणालाही वाटेल. मलाही वाटले. पण बोलायला गेलो की माझी वाक्ये घशातच अडकतात. हातात तेवढे ते दोन कागद होते.

"मुंगे, पर्स ठेव," मी म्हणालो. "दोन प्रती आहेत. मी वाचतो, तू ताडून बघ."

ती माझ्याकडे बघत राहिली. पूर्वी मी छापखान्यातले काम घरी आणायचो. मूळ मजकूर मी विरामचिन्हांसकट मोठ्याने वाचायचा आणि तिने छापलेल्यावर नजर ठेवायची. फरक दिसला तर बोलायचे नाही, वाचणाऱ्याची लय तुटते. फक्त बोट वर करायचे. कितीतरी संध्याकाळी आम्ही असे बसलो असू.

तिने कागद घेतला, खुर्चीवर चढली आणि तो डोळ्यांपुढे उंच धरला.

"टोचलेल्या जागी हात लावू नये पूर्णविराम," मी सुरू केले. "रोज दोनदा मिठाच्या कोमट पाण्याने पुसावे पूर्णविराम. चमकी फिरवू नये स्वल्पविराम ओढू नये पूर्णविराम."

टोचणारी पुढे वाकली. माझ्या डोळ्याच्या कोपऱ्यात काहीतरी लकाकले. मी मान आणखी खाली घातली. अक्षरे पोहायला लागली होती, कपाळावरचा घाम कागदावर पडत होता, आणि मी वाचत होतो, कुठे वाचत होतो ते मलाच कळत नव्हते.

मुंगीचे बोट वर गेले.

संपले, असे मला वाटले. आता ती उठणार आणि जाणार, ती कायमची.

"आता कसलं थांबायचं, ताई?" टोचणारी म्हणाली. "सुई आरपार आहे."

मुंगीच्या त्या बाजूच्या डोळ्यातून पाणी ओघळत होते. ओठ न हलवता ती म्हणाली, "मामा, ओळ गाळलीस. टॉवेलची."

"हलू नका, चमकी बसवू दे आधी," टोचणारी म्हणाली आणि तिलाच हसू आले.

त्यानंतर खुर्ची लागली ती मला. साखरेचे पाणी मिळाले. मुंगी माझ्या कपाळाला हात लावून उभी राहिली, तिच्या पेशंटजवळ उभी राहत असेल तशी.

"कळलंच नाही मला," ती आरशात पुन्हा पुन्हा बघत म्हणाली. "मी ती टॉवेलची ओळ शोधत होते." मग माझ्याकडे वळली. "कशी दिसते?"

मी तिच्याकडे पाहिले. लहानसा पांढरा खडा होता, त्याच्याभोवती नाकपुडी लाल झाली होती. सांगायचे होते. पण टोचणारी बघत होती, मुंगी बघत होती, आणि मी म्हणालो, "ओळ खरंच गाळली का मी?"

तिने पर्स उचलली. "बरं, लिहून कळव," म्हणाली आणि बसची वेळ झाली म्हणून निघाली.

घरी आलो तर बायकोने विचारले, "कोण पडलं?" मी सरळ टेबलाशी गेलो. जुने सगळे कागद बाजूला सारले आणि एका कार्डावर लिहिले: मुंगे, शोभते. फार शोभते.

चप्पल घालून कोपऱ्यावरच्या टपालपेटीपाशी गेलो. तिथे पुन्हा वाचले. शोभते दोनदा आले होते. एक काढायला हवे होते. छापखान्यात मी काढलेच असते. आणि "फार" जरा जास्त होते का? खिसे चाचपले, पेन घरी राहिले होते. मागून एक बाई पत्र घेऊन आली आणि वाट बघत उभी राहिली. मी बाजूला झालो, तिने तिचे टाकले. मग मी माझे टाकले.