सदतीस बरे झालेले

रविवारी सकाळी बंदरावरच्या जाळ्यांच्या शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. पुढे पाट मांडला होता, आणि पाटावर देव नव्हता, कॉम्प्युटरचा कागद होता. दोन्ही कडांना भोकं असलेला, घडीघडीचा, चांगला दोन हात लांब. त्याला झेंडूचा हार घातला होता आणि वरच्या कोपऱ्यात हळदकुंकू फासलं होतं. कागदावर सदतीस क्षयरोग्यांची नावं होती आणि प्रत्येक नावापुढे ‘बरा’ असं छापलं होतं. बायकांच्या नावांपुढेसुद्धा ‘बरा’च होतं, कारण मशीनला तेवढाच शब्द शिकवला होता.

पाटाशेजारी आत्माराम महाराज बसले होते. दोन वर्षांपूर्वीपर्यंत ते खाडीपलीकडे छत्र्या दुरुस्त करत. गेल्या दिवाळीपासून त्यांनी फुप्फुसं दुरुस्त करायला घेतली होती.

“डाक्टर मानूस हाय, चुकतो,” महाराज सांगत होते. “पन ह्या मशीनला ना भूक, ना झोप. थंडगार खोलीत बसता, कुनाकडून चा पीत नाय. आमी यायच्या आदल्या साली बंदरावर बरे किती? नऊ. आमचा तीर्थ सुरू झाला आनि किती? सदतीस. आता ह्या मी बोलतोय काय? मशीन बोलतंय.”

तीर्थ म्हणजे भाट्याच्या समुद्राचं पाणी, वर तुळशीचं एक पान. त्यासाठी दीडशे माणसं बाटल्या घेऊन रांगेत उभी होती.

रांगेच्या शेवटी सगुणा मयेकर आली. मच्छीमार संघाच्या कचेरीत अठ्ठावीस वर्षं नोंदी करून तिचे डोळे आणि मान दोन्ही कामातून गेले होते. रविवार तिला नुसतं पडून राहायला हवा असे. पण काल तांदळाच्या डब्यात हात घातला तर क्षयाच्या गोळ्या हाताला लागल्या. तिची भावजय हौसा बारा दिवस गोळ्या घेत नव्हती. भाऊ परदेशी बोटीवर, आणि हौसा इथे रांगेत, हातात रॉकेलची धुतलेली बाटली.

“घरी चल,” सगुणा म्हणाली.

“वन्सं, तुमच्याच कचेरीचा कागद हाय ना तो?”

तेवढ्यात महाराजांचं लक्ष सगुणाकडे गेलं. “अरे वाट द्या त्यांना. त्यांच्याच हातून मशीन बोललाय.” लोक खरंच बाजूला झाले. एक म्हातारी वाकून तिच्या पाया पडली. सगुणाला इतकी लाज वाटली की ती सरळ पुढे गेली, हार काढला आणि कागद उचलला.

“मी नावं वाचते. माणूस कुठे आहे ते तुम्ही सांगा. रावजी होडेकर.”

“मुंबैला गेला. भाऊच्या धक्क्यावर हाय,” कुणीतरी म्हणालं.

“खोकला?”

“हाय की. पत्रात लिवतो.”

“मैना डोर्लेकर.”

“तिला बुरोंडीला दिली.”

“बाबू पावसकर.”

“बोट बदलली त्यानं.”

“केरू भाटकर.”

केरूची बायको तुळसा रांगेतच होती, मुलासाठी बाटली घेऊन.

“माघात गेले,” ती म्हणाली. “तुमी आला व्हता ना मयताला?”

“आले होते.”

“मंग बरा कसा लिवलाव?”

सगुणा खाली पाटावरच बसली.

“ऐका. एक्स-रेच्या शिबिरानंतर आपल्याकडे गोळ्या तीन ठिकाणी मिळतात. दवाखान्यात, कोळंबीच्या शेडवर आणि बोटींच्या कचेरीत. तिघांच्या वह्या वेगळ्या. दवाखान्यात डॉक्टर बरा म्हणाले की नाव खोडतात. शेडवर बाई कामाला यायची थांबली की खोडतात. बोटींच्या वहीत खलाशी मुंबईला गेला, बोट बदलली, वारला, तरी खोडतात. प्रत्येक वही आपापल्या जागी खरी. आदल्या साली फक्त दवाखान्याची वही मोजली, म्हणून नऊ. यंदा मशीन आलं आणि तिन्ही वह्या एकात घातल्या. मशीनवाल्या पोरानं मला विचारलं होतं, खोडलेलं नाव म्हणजे काय समजू? सहाशे नावं भरून मी वैतागले होते. म्हटलं, बरा समज आणि पुढे चल. मशीन बोललं नाही. मी बोलले, आणि चुकीचं बोलले.”

“आनि खरे बरे किती?” तुळसानं विचारलं.

“यंदाही नऊच. नऊही जणांनी शेवटपर्यंत गोळ्या खाल्ल्या. पाचजण तर महाराज यायच्या आधीच बरे झाले होते.”

महाराजांनी घसा साफ केला. “मरन म्हंजे तरी काय, सगल्या रोगांतून सुटका...”

तुळसानं हातातली बाटली त्यांच्यासमोर उलटी केली. पाणी पाटाखालून वाहत गेलं. महाराजांना दापोलीची गाडी आठवली, आणि ते पिशवी घेऊन निघाले. रांग मोडली, पण सगळी नाही. वीसेक माणसं तांब्यातलं उरलेलं तीर्थ भरून घेऊन गेली. त्यांना अडवायला सगुणाच्या अंगात त्राण नव्हतं.

घरी जाताना हौसा म्हणाली, “वन्सं, बारा दिवस चुकले. मंग किती रायले?”

“उद्या डॉक्टरांना विचारू. बहुतेक पहिल्यापासून.”

“सुयापन?”

“सुयापण.”

हौसा वाटेतल्या दगडी गडग्यावर टेकली आणि रडली. सगुणा शेजारी बसली. आपल्या एका कंटाळ्यापायी हिला पुन्हा सुया टोचून घ्याव्या लागणार, हे तिला खात होतं, आणि ते तिनं हौसाला तसंच सांगितलं.

दुपारी सगुणानं कचेरी उघडून तिथली पोस्टकार्डं आणि तिन्ही वह्या घरी आणल्या. सदतीसमधून खरे नऊ वजा, केरू वजा, राहिले सत्तावीस. प्रत्येक कार्डावर तिनं एकच मजकूर लिहिला: ‘तुम्ही बरे झालात असं आमच्या कागदात आहे. ते खोटं आहे, चूक माझी आहे. थुंकी तपासून घ्या. गोळ्या बंद करू नका. महाराज सांगो, मशीन सांगो की मी सांगो, कशावरून सांगता ते आधी विचारा.’

अकरा जणांचे पत्ते तिन्ही वह्यांत नव्हते. पत्त्याची बाजू कोरी राहिलेली ती कार्डं हौसानं हातात घेतली.

“ह्यांची घरं मला ठावी हायत. मी विचारून येतंय.”

“आधी गोळी घे,” सगुणा म्हणाली, आणि हौसानं ती गिळेपर्यंत तिच्याकडे बघत राहिली.