आत्यांनी चारच सांगितले

उकळून घेतलेल्या स्टीलच्या वाटीत दुधाचा पहिला थेंब पडला. टप्प. सकाळपासून घरात कुणी बोललं नव्हतं, म्हणून तेवढा आवाजही मोठा वाटला. माझ्यासमोर मांडी घालून बसलेली सृष्टी लगेच म्हणाली, "एक."

"मोजू नको गं. मोजलं की येत नाही," मी म्हणाले.

सृष्टी पाच वर्षांची आहे. सध्या तिला दिसेल ते मोजायचं असतं. जिन्याच्या पायऱ्या, वाळत घातलेले कपडे, आजोबांच्या गोळ्या.

दहा दिवस झाले. आम्ही लातूरचे, नांदेडला माझं माहेर. सातव्या महिन्यात ओटी भरायला म्हणून आठ दिवसांसाठी आले होते, तेरा फेब्रुवारीला. सतराला सकाळी पोटात दुखायला लागलं आणि दिवस मावळायच्या आत बाळ बाहेर. मुलगी. साडेबाराशे ग्रॅम. मला घरी सोडलं, तिला काचेच्या पेटीत ठेवून घेतलं. डॉक्टर म्हणतात बाकी बरं आहे, फक्त ती मध्येच श्वास घ्यायचं विसरते. मग सिस्टर तिच्या तळपायाला टिचकी मारते आणि तिला आठवतं. हे ऐकल्यापासून मी बोलता बोलता थांबते, माझा श्वास चालू आहे का ते बघते.

आई दिवसभर वॉर्डाबाहेरच्या बाकावर असते. मी तीन-तीन तासांनी दूध काढते, बाबा ते रिक्षानं पोचवतात. ते जाऊन येईपर्यंतचा वेळ माझा. त्यात लिहिते, नाहीतर भिंतीकडे बघत बसते.

आज वाटी भरत आली आणि दाराची कडी वाजली. गळ्यात ओळखपत्र, हातात मोबाइल, उन्हानं लाल झालेला चेहरा. गल्लीच्या टोकाच्या शाळेतल्या ज्योत्स्नाबाई, जनगणनेच्या कामावर. मी पदर ओढून कोपऱ्यात सरकले. बाबांना मात्र बोलायला माणूस मिळालं. माझे बाबा रामकिशन, एसटीत बत्तीस वर्षं कंडक्टर. गावं आणि गावातली माणसं त्यांना तोंडपाठ.

"या मॅडम, या. पाणी घ्या. ह्या टायमाला नांदेड सात लाखाच्या पुढं न्या बरं."

"मी काय नेते, काका. माझ्या वाटणीची घरं उरकता उरकता जीव जाऊन राहिला."

"मागच्या मोजणीला साडेपाच लाख होतं. वर चारशे-साडेचारशे. लातूर चार लाखाला शिवलं पण नव्हतं. आमचे जावई लातूरचे, लई टेंभा मिरवतात. मी म्हणलं, तुमचं आख्खं लातूर आमच्या वजिराबादेत बसतंय."

"मग काय म्हणले जावई?"

"म्हणले, मामा, आमची ट्यूशनची पोरं धरा, मग बोला."

बाई हसल्या. मीही हसले, आणि हसताना पेटीतलं ते इवलंसं तोंड आठवलं.

"किती लिहू?" बाईंनी मोबाइल उघडला.

"चार. मी, आमची मंडळी, ही पुनम, आठ दिसांसाठी आलीय लातूरहून, अन् ही नात."

"पुनमताई आठ दिवसांसाठी आल्यात म्हणता ना? मग त्यांना लातूरला धरलं असेल. इथं धरलं तर दोनदा होईल."

"होऊ द्या की. नांदेडच वाढंल."

"वाढवते. तुमच्या घरून दोन वाढवते अन् नोकरी घालवून बसते." मग त्यांचं लक्ष माझ्या हातातल्या वाटीकडे गेलं. आवाज खाली आला. "बाळ?"

"दवाखान्यात. पेटीत," मी म्हणाले.

"तेही लातूरलाच धरायचं, तुमच्याबरोबर. फेब्रुवारीच्या शेवटच्या रात्री बारापर्यंत जन्मलेलं प्रत्येक मूल धरतात. धरलंय ना? एकदा विचारून घ्या, ताई. उद्या शेवटचा दिवस."

त्या गेल्या. बाबा दुधाची बाटली टॉवेलात गुंडाळून निघाले.

साडेपाच लाख, वर चारशे-साडेचारशे. पेपरात ते वरचे चारशे कुणी लिहीत नाही. त्या चारशेंतही कुणाचं तरी काल झालेलं बाळ असणारच. पण ते कुठंतरी मांडलेलं तरी होतं. माझं?

हात दुधानं भरलेले होते म्हणून सृष्टीला स्पीकर लावायला सांगितलं आणि सासूबाईंना फोन केला. मी त्यांना आत्या म्हणते.

"आत्या, मोजणीवाले येऊन गेले का?"

"हाव. मागच्या शनिवारी. रविकांत मास्तर व्हते. च्या पिऊन गेले."

"किती सांगितले?"

"चार."

"चार कोण?"

"मी, वैजनाथ, तू अन् सृष्टी."

"आणि बाळ?"

"पुनम, तिची पाचवी तरी पुजली का आपण? सटवाईनं अजून कपाळ लिवलं न्हाई पोरीचं. त्याच्याआधी सरकारला कसं लिवू देऊ?"

आमच्याकडे पाचव्या दिवशी पाटा-वरवंटा मांडून पूजा करतात. सटवाई येते आणि बाळाचं नशीब लिहून जाते. म्हणून वही-पेनही ठेवायचं. पण त्या वॉर्डात मला चपला घालून जाता येत नाही, हात कोपरापर्यंत धुवावे लागतात. पाटा-वरवंटा कोण आत नेऊ देणार?

"म्हणजे ती घरातली नाहीच," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. "तुमच्या लेखी चारच आहेत."

"तसं न्हाई गं माय."

"मग कसं? इथल्या बाई म्हणतात लातूरला धरा. लातूरला तुम्ही धरलं नाही. तिकडं नाही, इकडं नाही. कुठली आहे ती?"

पलीकडे पंखा बंद केल्याचा आवाज आला.

"एक्याण्णव सालची गोष्ट हाय," आत्या म्हणाल्या. "आमी तवा गावाकडं, शिरूर अनंतपाळजवळ. वैजनाथच्या आधी एक व्हतं मला. तुला सांगितलं नसंल कुणी."

नव्हतं सांगितलं. लग्नाला सात वर्षं झाली, माझ्या नवऱ्यानं, वैजनाथनंही कधी नाही.

"वीस दिसाचं व्हतं. मोजणीचे मास्तर आले तर मीच हौसेनं पुढं झाले. म्हणलं, लिवा, पोरगं हाय. लिवलं त्यांनी. आठ दिसांनी पुन्यांदा फेरीला आले, तवा न्हवतं. म्हणले, बाई, काढावं लागतं, नियम हाय. बिचाऱ्यानं पट्टी लावून रेघ मारली. सरळ. माझ्यासमोर. आता पोराचं तोंड आठवत न्हाई बघ मला. ती रेघ आठवती."

"जेवलात का?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, "हाव." दोघींनाही माहीत होतं की त्या जेवल्या नसणार.

मग आईचा फोन आला. सकाळपासून बाळ दोनदा श्वास विसरलं म्हणाली. दुसऱ्यांदा टिचकी जरा जोरात मारावी लागली. "तू घाबरू नको, आता चांगली गुलाबी दिसून राहिली," असंही म्हणाली, पण हे ती कालही म्हणाली होती.

मी वाटी धुतली. पुन्हा धुतली. आत्यांचं खरं होतं, आणि तरी मला पटत नव्हतं. उद्याच्या रात्रीआधी काही झालं तर तिचा जन्माचा कागद राहील. पण तो जन्माचा. ही मोजणी जिवंत माणसांची. माझी मुलगी आज जिवंत आहे. दर मिनिटाला कष्ट करून जिवंत आहे. आणि तिच्या गावात एका माणसालाही ती मोजता येऊ नये?

वैजनाथकडून नंबर घेऊन रविकांत सरांना फोन लावला. वैजनाथ डाळ मिलमध्ये कामावर होता. "तुला वाटतं तसं कर," म्हणाला, आणि मशीनच्या आवाजात काहीतरी पुटपुटला, ते कळलं नाही.

सर भले वाटले. "धरता येईल, ताई, उद्यापर्यंत. पण फोनवरून नाही लिहीत मी. आजींनी पहिल्यांदा चार सांगितले, आता त्यांनीच पाच सांगायला हवेत. संध्याकाळी तुमच्याच गल्लीत आहे, जाऊन येतो." मग खोकले. "एक सांगून ठेवतो. एक तारखेपासून पुन्हा फेरी असते. मधल्या काळात काही बदल झाला... तर नाव काढावं लागतं."

"माहीत आहे, सर."

हा फोनही सृष्टीनं स्पीकरवर टाकला होता. हे माझ्या लक्षात यायला उशीर झाला. सृष्टी माझ्या गुडघ्याला टेकून फोनकडे बघत होती.

साडेपाचला आत्यांचाच फोन आला. हळू बोलत होत्या, पदर तोंडापुढे धरून बोलत असाव्यात.

"मास्तर दारात हायेत. तू लावून दिले ना?"

"हाव, आत्या."

"मी न्हाई म्हणले तर तू रुसशील. हाव म्हणले तर... तू आई हायेस. तू सांग, मी काय बोलू?"

मला वाटलं होतं त्या भांडतील, आणि मग मी भांडेन, आणि भांडणातून काय व्हायचं ते होईल. असं एकदम माझ्या हातात देतील असं वाटलं नव्हतं. मी 'सांगा' म्हणाले आणि परवा कुणी पुन्हा दारात उभं राहिलं, तर त्याच्यासमोर आत्याच असणार. दुसऱ्यांदा.

"आत्या, तुम्हाला जमेल का?"

"माझं सोड."

"मग पाच सांगा."

"इचार केलास?"

"केला."

त्यांनी फोन बंद केला नाही. त्यांच्या पायांचा आवाज आला, मग दाराचा. मग त्यांचा खणखणीत आवाज, आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा. "मास्तर, मागल्या टायमाला चुकलं माझं. चार न्हाई, पाच लिवा. नात हाय. दहा दिसाची."

"नाव काय, आजी?"

"नाव ठिवायचंय अजून. नांदेडला हाय, पेटीत. जित्ती हाय."

"बाळ म्हणून घेतो. चालतं."

"पट्टी न्हाई ना आणली?"

"पट्टी? नाही, आजी. सगळं मोबाइलवरच असतं आता."

"बरं," आत्या म्हणाल्या. जरा वेळानं पुन्हा, "बरं." मग फोन कानाला लावून मला म्हणाल्या, "लिवलं गं. पाच झालो." आणि माझं काही ऐकायच्या आत ठेवून दिला.

बाबा जिन्यात आले होते, रिकामी बाटली घेऊन. त्यांना मी सांगितलं, लातूरला धरली. ते म्हणाले, "घ्या. एकानं वाढलं लातूर," आणि चष्मा पुसत आत गेले.

पुढच्या दुधाची वेळ झाली होती. मी हात धुऊन बसले. सृष्टी येऊन अगदी चिकटून बसली. हाताची पाच बोटं उघडून बघत राहिली, मग करंगळी दुसऱ्या मुठीत घट्ट धरली.

"आई, बाळाला लिहिलं ना आता? मग आता कुणी काढणार नाही ना तिला?"