चकाकी आलेला सिंकर

मी पडतो. तोच माझा धंदा. दुसरं काही मला येत नाही, आणि हल्ली तेही कुणी करू देत नाही. करंगळीच्या पेराएवढा पोलादाचा तुकडा बोलतोय म्हणून हसू नका. बसा जरा, फार वेळ घेणार नाही.

प्रयोगशाळेत मला सिंकर म्हणतात. एका जाड पोलादी नळीत तेल भरायचं, नळी करकचून बंद करायची, पंपाने आतला दाब वाढवत न्यायचा आणि मला वरून खाली सोडायचं. मला तळाशी पोचायला किती वेळ लागतो, त्यावरून तेल किती चिकट आहे ते काढतात. पातळ तेल असलं की मी सरळ खाली, घट्ट असलं की रमतगमत. मग नळी उलटी केली की मी पुन्हा पडायला तयार. माणूस पडला तर लोक हसतात, मी पडलो तर लोक घड्याळ बघतात. एवढाच काय तो फरक.

शेजारी एक धातूचा भाता होता. दाबाखाली तेल किती आक्रसतं ते त्याच्या लांबीवरून कळायचं, म्हणजे तेलाची घनता कळायची. आमची जोडी होती. तेल जितकं जड, तितकं ते मला खालून उचलून धरतं, म्हणून भात्याने घनता सांगितल्याशिवाय माझ्या पडण्याचा हिशेब लागत नसे.

एवढा खटाटोप कशाला, असं तुम्हाला वाटेल. गिअरचे दोन दाते एकमेकांवर घासतात तेव्हा मधल्या तेलाचं काय होत असेल, कल्पना करा. एरवी पाण्यासारखं वाहणारं तेल त्या दाबाखाली मधासारखं होतं. झालंच पाहिजे, नाहीतर दाते एकमेकांना खाऊन टाकतील. म्हणून ते किती घट्ट होतं हे आधीच मोजावं लागतं.

माझा जन्म लेथवर झाला. मला घडवणारा कारागीर भारी चिडका होता. कुणी मध्ये बोललं की वस्सकन अंगावर जायचा. पण त्याची चिडचिड समजण्यासारखी होती. माझ्यात आणि नळीच्या भिंतीत केसाएवढीच फट ठेवायची होती. तेल त्या फटीतून वर सरकतं म्हणून मी खाली जाऊ शकतो. फट जराशी मोठी झाली की मी भराभर पडणार, आणि तेल आहे त्यापेक्षा पातळ भासणार. सगळी अक्कल त्या फटीत आहे, माझ्यात नाही.

मग मी ताईच्या हाती आलो. तिला सगळे थेंबाताई म्हणत, कारण तेलाचा एक थेंब सांडला तरी तिचा जीव कासावीस व्हायचा. प्रयोगशाळेच्या मुख्य सरांच्या हाताखाली ती पीएच.डी. करत होती. मला उघड्या बोटांनी कधी शिवली नाही. धुतलेल्या मऊ कापडात धरून नळीत सोडायची आणि म्हणायची, "चल बाबा, सावकाश जा. घाई नाही." जसं काही माझ्या हातात होतं! पण ऐकायला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

एकाच तेलावर ती वर्षानुवर्षं राबली. एका कंपनीने नवं गिअरचं तेल दिलं होतं, ते दाबाखाली किती घट्ट होतं ते काढायचं होतं. दर वर्षी सुट्टीच्या दिवसांत ती मला ओळखीच्या तेलात सोडायची. ओळखीचं म्हणजे ज्याचा चिकटपणा आधीपासून पक्का ठाऊक आहे असं. त्यात मी बरोबर पडलो की पुढचं वर्षभर माझ्यावर विश्वास. तशी तिथली रीतच होती. दुपारी तिच्या आईचा फोन यायचा, "जेवलीस का?" आणि ही एका हाताने पंपाचा दांडा धरून सांगायची, "हो गं, केव्हाच!" डबा तसाच असायचा.

तिचे आकडे छापून आले. तेल अपेक्षेपेक्षा चांगलंच घट्ट होत होतं. कंपनी खूश, सर खूश. बाहेरगावचे परीक्षक येऊन प्रयोग डोळ्यांनी बघणार, मग पदवी, मग त्याच प्रयोगशाळेत कायमची नोकरी. ताईचं सगळं आयुष्य त्या एका दिवसावर येऊन उभं होतं.

आता सरांविषयी सांगतो. माणूस वाईट नव्हता, अगदी शपथेवर सांगतो. पण चकचकीतपणाचं वेड. बुटात तोंड दिसलं पाहिजे, दाराची कडीसुद्धा लखलखली पाहिजे. परीक्षक येण्याच्या आधी ताई तिच्या दादाचं घर हलवायला म्हणून रजेवर गेली होती. सर तयारी बघायला आले, मला ट्रेमधून उचललं आणि नाक मुरडलं. तेलाचा पिवळट डाग पडला होता अंगावर.

"हे काय ध्यान!" म्हणाले. "पाहुण्यांना हे दाखवायचं?"

आणि मला वर्कशॉपमध्ये नेऊन लेथवर चढवलं. बारीक पॉलिश पेपर लावला, मी गरगर फिरतोय आणि हे शीळ वाजवतायत. मी जिवाच्या आकांताने ओरडत होतो, सर, नको, अंग जातंय माझं! कोण ऐकतंय? डाग गेला, त्याबरोबर माझ्या अंगावरचा एक पदरही गेला. डोळ्याला न दिसणारा. मी मात्र आरशासारखा झालो.

ताई परतली तेव्हा हरखली. "अय्या, किती चमकतोय! काय केलंत सर?"

"काही नाही गं, पुसून ठेवला," सर म्हणाले.

त्यांना त्यात लपवण्यासारखं काही वाटलं नव्हतं. सांगण्यासारखंही वाटलं नव्हतं.

परीक्षक आले. ताईने तेच तेल भरलं, तोच दाब चढवला, मला सोडलं. मी थांबायचा प्रयत्न केला हो. पण पडणाऱ्याला थांबता येत नाही. मी भराभर खाली गेलो आणि तेल दहा टक्क्यांनी पातळ निघालं. तिने पुन्हा सोडलं. पुन्हा तेच.

मोठे परीक्षक चष्मा काढून म्हणाले, "आज दर वेळी एकच उत्तर येतंय. मग छापलेले आकडे आले कुठून?"

"मोजूनच आले, सर. याच नळीत, याच सिंकरने."

"कंपनीला घट्टच तेल हवं होतं, नाही का?" दुसरे हळूच म्हणाले.

ताईचा चेहरा पांढराफटक पडला. ती सरांकडे वळली. "सर, ओळखीच्या तेलात एकदा तपासू या ना. काहीतरी बिघडलंय."

"यंत्राला काय धाड भरलीय?" सर सगळ्यांसमोर कडाडले. "मी स्वतः सगळं नजरेखालून घातलंय!"

चौकशी बसली. ती संपेपर्यंत ताईने यंत्राला हात लावायचा नाही, असं ठरलं. त्यांनी दाबाचा गेज तपासायला पाठवला, घड्याळ तपासलं, थर्मामीटर तपासला, बिचाऱ्या भात्यालासुद्धा खोलून पाहिलं. सगळं चोख. मी समोर ट्रेमध्ये पडलेला. मला कुणी उचललं नाही. लोखंडाच्या तुकड्यात बिघडण्यासारखं काय असतं, असं त्यांना वाटलं असणार. माझी जाडी मोजायचा मायक्रोमीटर त्याच टेबलाच्या खणात होता. मला संताप यायचा. असा संताप की त्या ट्रेला भोक पडावं.

शेवटी ठरलं की ताईने आकडे बनवले. पदवी गेली, नोकरीचा प्रश्नच उरला नाही.

सामान न्यायला ती आली तेव्हा तिचा दादा बरोबर होता. तिने कापडं घडी करून पिशवीत घातली, कप घातला. दादा दाराकडे एकदा बघून जवळ आला.

"एक विचारू? रागावणार नाहीस ना?" तो म्हणाला. "थोडंसं इकडंतिकडं केलं होतंस का? मी कुणाला सांगणार नाही. आईलाही नाही."

मला वाटलं, आता ही भडकेल. भडकायलाच हवं होतं. पण तिने खाली बघत पिशवीची गाठ मारली.

"माहीत नाही रे दादा," ती म्हणाली. "आधी वाटायचं, मी बरोबर आहे. आता मलाच कळेना. घड्याळ लवकर दाबत असेन... हवं ते दिसत असेल मला. एवढी मोठी माणसं म्हणतायत, म्हणजे काहीतरी असेलच ना?"

दादाने तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि पिशवी उचलली. जाताना तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. मी तो दिवस विसरू शकत नाही. पदवी गेली ते मी सोसलं असतं, पण तिने स्वतःवरचा विश्वास माझ्या डोळ्यांदेखत सोडला.

त्यानंतर नळी बरेच दिवस बंद होती. मग एक नवे डॉक्टर आले, औषधाचे नव्हे, पीएच.डी.चे. परदेशात शिकलेले, हौशी. त्यांनी स्वतःसाठी नवा सिंकर करून घेतला, ओळखीच्या तेलात तपासला आणि सराव म्हणून तेच गिअरचं तेल मोजलं. आकडे घेऊन सरांकडे आले.

"सर, या बाईंचे जुने आकडे तर तंतोतंत जुळतात की! मग गडबड काय झाली होती?"

सरांनी ते आकडे पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत वाचले. नवे डॉक्टर चहाला गेले, तसे सर उठले. ट्रेमधून मला काढलं. खण उघडून मायक्रोमीटर काढला आणि मला मोजलं. फिरवून पुन्हा मोजलं. मग स्टुलावर बसले, डोकं धरून. मला वाटलं, सुटलो! आता हे धावत जातील, फोन करतील, ओरडून सांगतील. माझ्या सगळ्या आयुष्यात तेवढा एक आनंद मला झाला.

डॉक्टर परत आले. सरांनी मला शर्टाच्या खिशात टाकलं.

"योगायोग असेल," ते म्हणाले.

आता मी सरांच्या घरी असतो, चष्म्याच्या शेजारी, फळीवर. ते रोज सकाळी मला पुसतात. फोन हातात घेतात, तिचा नंबर काढतात, परत ठेवतात. एकदा स्वतःशीच पुटपुटले, "आता कशाला खपली काढायची?" खपली धरली असेल तर ना!

परवा काकू, म्हणजे सरांची बायको, बाजारातून आल्या. पिशवी ठेवता ठेवता म्हणाल्या, "अहो, तुमची ती थेंबाताई भेटली. औषधांच्या दुकानात कामाला आहे. किती वाळलीय पोर! मी म्हटलं, अगं एवढी हुशार तू, परत शिकायला का जात नाहीस? तर म्हणते, 'काकू, मोजमापाचं काम मला झेपत नाही. तिथंसुद्धा मी गोळ्या मोजून दिल्या की दुसऱ्या कुणाकडून तरी पुन्हा मोजून घेते.'"

सर मला पुसत होते. त्यांचा हात थांबला.

"तुम्ही तिला एकदा भेटा ना," काकू म्हणाल्या. "तुमचं ऐकेल ती."

"बघू," सर म्हणाले, आणि पुन्हा पुसायला लागले.

वाचणाऱ्यांनो, तुमच्यापैकी कुणी औषधांच्या दुकानात गेलात आणि गोळ्या दोनदा मोजून घेणारी बाई दिसली, तर माझं एवढं काम करा. तिला सांगा, ताई, तुझे आकडे खरे होते. तू काही बनवलं नव्हतंस. मला तोंड नाही गं, आणि ज्यांना आहे ते मला पुसत बसलेत.