आत पेशंट आहे

दुसऱ्या दिव्याच्या खांबापाशी पायलट वाकले आणि गुडघ्यांवर हात ठेवून जमिनीकडे पाहू लागले, काहीतरी पडलं असावं तसे.

"सापडला का श्वास?" बायकोनं बाकावरून विचारलं.

पायलट म्हणजे रुग्णवाहिकेचे चालक. विमान त्यांनी खालूनच पाहिलं होतं; पण एकतीस वर्षं गाडी अशी हाकली की नाव चिकटलं. आता खात्यानं नियम काढला होता: पन्नाशीपुढच्या चालकानं दोन किलोमीटर न थांबता धावून दाखवायचं, नाहीतर चावी जमा आणि टेलिफोनपाशी खुर्ची. चालकानं गाडी सोडून का धावावं, हे नियमात नव्हतं. किती वेळात, हेही लिहायचं राहिलं होतं. परीक्षेला तीन महिने होते आणि पायलटांची मजल दोन खांब.

"उद्या आणखी जोरात सुटतो," ते म्हणाले.

"म्हणजे पहिल्याच खांबाला आटोपेल." बायको वॉर्डात नर्स होती, धापेला ती घाबरत नसे. "अहो, रिकामी गाडी पळवल्यासारखे पळताय. आत पेशंट आहे असं समजा. मोडलेल्या कमरेचा."

दुसऱ्या दिवशी पायलटांनी पेशंट घेतला. काठी टेकत फिरायला निघालेले एक आजोबा त्यांना मागे टाकून गेले आणि वळून म्हणाले, "काही दुखतंय का?"

"नाही. धावतोय."

"असं होय," म्हणून आजोबा पुढे गेले.

वेगानं धावायला छाती लागते. चारचौघांत हळू धावायला त्याहून मोठी लागते. पायलटांनी त्या दिवशी सहा खांब ओलांडले.

मग बायको शेजारून चालू लागली. धावताना तिच्याशी बोलता आलं पाहिजे, ही तिची अट. वाक्य तुटलं की वेग कमी. लग्नानंतर प्रथमच तिला त्यांची अख्खी वाक्यं ऐकायला मिळाली.

"आज पेशंट कोण?" ती विचारायची. कधी शेजारी, कधी खात्याचे साहेब. साहेबांच्या वेळी पायलटांनी एकदोन खड्डे चुकवले नाहीत.

एके सकाळी ते म्हणाले, "बाबा." त्या दिवशी तिनं अट लावली नाही.

बाबांना त्यांनी स्वतःच नेलं होतं, भोंगा लावून, सुसाट. मागून बाबा "हळू रे" म्हणत होते. दवाखान्यापाशी मागचं दार उघडलं तेव्हा म्हणायचे थांबले होते. वेगानं काही बिघडलं नाही, असं डॉक्टर म्हणाले. पायलटांनी ते ऐकून घेतलं.

परीक्षेला मैदानाच्या पाच फेऱ्या होत्या. शिट्टी होताच बाकीचे सुटले. तिसऱ्या फेरीत त्यांतले दोघे कडेला बसले. उरलेल्यांचं धावून, पाणी पिऊन, घाम पुसून झालं, तरी पायलट धावतच होते.

"अहो, जरा पाय उचला," साहेब ओरडले, "जेवायची वेळ झाली."

"आत पेशंट आहे साहेब, हळूच न्यावं लागेल," पायलट म्हणाले. अख्खं वाक्य, एका श्वासात. साहेबांनी आजूबाजूला पाहिलं.

रेघ ओलांडल्यावर ते एकदम थांबले नाहीत. वेग कमी करत दहाबारा पावलं पुढे गेले आणि कडेला उभे राहिले. साहेब कागदावर शेरा लिहीत होते. पायलट मागे वळले. गाडीचं मागचं दार उघडायला जातो तसा त्यांचा हात वर गेला आणि क्षणभर तिथंच राहिला.