देवतळ्यावरचं गाऱ्हाणं

"हलू नको रे मेल्या, नायतर भुवयेचो टाको गालार येतलो," भाईने दटावलं.

समोरच्या माणसाला त्याच्या पुतण्याने फणसाच्या फांदीच्या वादातून कोयतीच्या मुठीने हाणलं होतं. कपाळातून रक्त गळत होतं, पण तोंडातला पुतण्याचा उद्धार काही थांबत नव्हता. भाई सुई ओढता ओढता त्याला तिसरंच काही सांगत होता.

"तंबू उगवतीक तोंड करून मारूचो. म्हणजे सकाळी ऊन आत येता. आणि तळ्यापासून जरा वरती, नायतर रात्री दव गळता अंगार."

"कसलो तंबू?" माणूस कळवळत म्हणाला. "हय माजा डोक्या फुटला हा!"

"डोक्या शिवून झाला. चल, ऊठ."

कसालच्या दवाखान्यात भाई कंपाउंडर होता. डॉक्टर टाके त्याच्यावरच सोडत. आमच्या भागात माणसं तशी देवभोळी आणि पाहुण्यांना जीव लावणारी, पण बांध हातभर सरकला की सख्खा भाऊ सख्ख्या भावाच्या उरावर बसतो. त्यानंतरचं काम भाईचं. किती कुळांची डोकी त्याने शिवली असतील, देव जाणे. त्याचा स्वतःचा डावा खांदा मात्र वर जात नसे. घराच्या मधोमध वाटणीची भिंत घालताना धाकट्या भावाने, बाळाने, चिरा फेकून मारला होता. भिंत पुरी झाली, खांदा तसाच राहिला. तेव्हापासून दोन घरांत बोलणं नव्हतं.

आणि आता भाईने दोन्ही घरांना मिळून देवतळ्यावर तंबूत राहायला न्यायचं ठरवलं होतं. कल्पना त्याच्या मुलीची, गौरजाची. लग्नानंतर ती पुण्याला होती आणि नवऱ्याबरोबर असल्या सहलींना जायची. फोनवर म्हणाली, "बाबा, डिसेंबरात मी तंबू घेऊन येते. पण काकाचं घर नसेल तर मी येणार नाही." भाईच्या मनात तेच होतं, फक्त ते बोलायला त्याला दुसऱ्याचं तोंड हवं होतं.

मग महिनाभर त्याला दुसरं काही सुचेना. तळ्यावर जाऊन तो जागा बघून आला. चूल कुठे, पाणी कुठून, बायकांसाठी आडोसा कुठे, सगळं ठरवलं. सापांसाठी फिनेल घेतलं. दवाखान्यातून सुई-दोरा आणि भुलीचं इंजेक्शनही बरोबर बांधलं.

"कोणाचा डोक्या फोडूचा हा काय थंय?" बायकोने, रुक्मिणीने विचारलं.

"पोरां पडतत, धडपडतत," भाई म्हणाला.

सगळ्यात अवघड काम शेवटी ठेवलं होतं. बाळा अंगणात कोयतीने बांबू तासत बसला होता. भाई त्याच्या पायरीपाशी जाऊन उभा राहिला.

"देवतळ्यार जातंव. दोन दीस. तुमीय चला."

बाळाने मान वर केली नाही. "कित्याक? पाण्यात ढकलूक?"

"तुजो टेम्पो होयो सामानाक."

"तसा सांग मगे," बाळा म्हणाला, आणि कोयती चालतच राहिली. जरा वेळाने आत बायकोला ओरडून म्हणाला, "जानके, आयकलंस? भाई आमका तळ्यार घेऊन जाता!" त्या आवाजातला आनंद लपत नव्हता. भाई घरी येऊन न्हाणीत तोंड धूत बराच वेळ उभा राहिला. बाहेर आला तेव्हा डोळे लाल होते.

तळ्यावर दुपार छान गेली. बाळाने बांबू ठोकले, जावयाला तंबूच्या दोऱ्या ताणायला शिकवताना चार शिव्याही शिकवल्या. जानकीने आणि रुक्मिणीने एकाच चुलीवर कोंबडी शिजवली. बाळाची मुलगी प्रियांका पावसाळ्यात काविळीने मरता मरता वाचली होती. अजून तिच्या गालांवर रंग नव्हता, पण ती गौरजाला चिकटून हसत होती.

ऊन उतरल्यावर तळ्याच्या राखणदार देवाला नारळ ठेवायचा होता. परक्या जागी रात्र काढायची तर तिथल्या राखणदाराला सांगूनच. गाऱ्हाणं, म्हणजे घरच्यांची नावं घेऊन देवाला घातलेलं साकडं, घरातल्या थोरल्याने घालायचं. भाईने पाण्याकडे तोंड करून नारळ धरला. सगळे मागे उभे राहिले.

"बा देवा म्हाराजा, ह्या तळ्याच्या राखणदारा म्हाराजा…"

"होय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज बाळाचा होता.

"आज ही लेकरां तुज्या पायाकडे इली हत. माजी घरवाली रुक्मिणी, माजा चेडू गौरजा, जावय, ह्येंका सांभाळ म्हाराजा…"

"होय म्हाराजा!"

"काय चूकभूल झाली आसात तर पोटात घाल. जो कोण वाकड्या वाटेन येयत, त्येका परतून लाव…"

"होय…" या वेळी बाळाचा आवाज अर्ध्यावर थांबला. भाईने नारळ दगडावर फोडला. पाणी उडालं.

"आनी आमी?" बाळाने विचारलं.

भाईला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं, आणि हातातली नारळाची कवड खाली पडली.

"बाळा, नावां घेऊचा रवला रे. सवयीन झाला. रोजचाच तोंडात…"

"रोजचा?" बाळा पुढे आला. "म्हणजे भिंत घातल्यापासून रोज तू आमका वगळून गाऱ्हाणा घालतंस? माजा चेडू मराक टेकला, तेवाय तू देवाक तिचा नाव सांगूक नाय?"

 भाईला खोटं बोलता आलं असतं, पण नारळ नुकताच फुटला होता.

बाळाने कोयती उचलली आणि पहिल्या तंबूची दोरी तोडली. मग दुसरी. निळं कापड प्रियांकाच्या अंगावर कोसळलं आणि ती किंचाळली. "काका, नको!" म्हणत गौरजा मध्ये आली, तिला बाळाने ढकललं. भाई धावला. बाळाने कोयती फेकून त्याची मान धरली आणि नेमका त्याच दुखऱ्या खांद्यावर बुक्का हाणला. दोघे चुलीवर पडले, टोप उलटला, रस्सा निखाऱ्यांवर चरचरला. भाईच्या हाताला तंबूच्या खुंट्या ठोकायचा हातोडा लागला.

पहिला घाव त्याने मान सोडवायला घातला. बाळाचे हात सुटले. तो मागे कलंडला, आणि तरीही भाईने दुसरा घाव घातला. तो घाव इतक्या वर्षांच्या रागाचा होता. भुवईपासून केसांपर्यंत कपाळ उलगडलं.

जावयाने भाईला मागे ओढलं. हातोडा हातातून सुटेना.

"हात लावू नकात तेंका!" जानकी ओरडली. पण तिच्या पदराचा बोळा बघता बघता भिजला, आणि दवाखान्याला डोंगर उतरून जायचं होतं.

"घाल टाके," बाळा दात आवळून म्हणाला. "पण तोंडातून एक अक्षर काढू नको."

भाईने पेटी उघडली. भुलीच्या इंजेक्शनला बाळाने हाताने नको म्हटलं. गौरजाने कंदील धरला. सुई आत जाताना बाळाने ओठ चावून फोडला, पण हलला नाही. हलू नको म्हणायची पाळी भाईवर आली नाही. टाके इतके सारखे पडले की हेच हात मघाशी हातोडा धरून होते असं कोणाला वाटलं नसतं. शेवटची गाठ बसताच बाळा उठला. जानकीने प्रियांकाला टेम्पोत बसवलं. गाडी उतार उतरून गेली.

टाके काढायच्या दिवशी भाई चिमटा उकळून दवाखान्यात बसून होता. बाळा आला नाही. दुसऱ्या दिवशी तो तिठ्यावर दिसला. टाके दाढीच्या ब्लेडने त्याने घरीच काढले होते. जखम सरळ भरली होती.

त्या संध्याकाळी भाईने तुळशीपुढे दिवा लावला आणि नेहमीपेक्षा मोठ्याने सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा, माजो भाव बाळा, तेची घरवाली जानकी, तेचा चेडू प्रियांका, ह्येंका सांभाळ म्हाराजा…"

भिंतीपलीकडचा टीव्ही मध्येच बंद झाला. रुक्मिणीने 'होय म्हाराजा' म्हणायला तोंड उघडलं, तिला भाईने हाताने थांबवलं. तो भिंतीकडे बघत उभा राहिला. वारा आला, दिव्याची ज्योत वाकून पुन्हा सरळ झाली.

मग पलीकडे टीव्ही परत सुरू झाला.

"होय म्हाराजा," रुक्मिणी हळूच म्हणाली.