नेहमीचंच

"जीभ झडो तुझी!" काकी दवाखान्यातल्या खाटेवरून कडाडली, आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं. शिव्या देतेय म्हणजे म्हातारी जगणार. शिव्या तर मी कमावल्याच होत्या.

मी गावाचा पाणीवाला. वीस वर्षं चाव्या फिरवतोय, तक्रारवहीही मीच लिहितो. काकी माझी सख्खी चुलती, उताराच्या आळीत, पाइप जिथं संपतो तिथं, एकटी राहते. नळाला पाणी करंगळीएवढं, तेही आलं तर. रोज सकाळी कचेरीच्या दारात उभी. मी वहीत लिहायचो, 'नेहमीचंच'. लिहिलं की वही मिटली, बाई गेली. घरचंच माणूस, रागावून जाईल कुठं?

यंदा कचेरीत ते हुशार यंत्र आलं. फोनवर तक्रार सांगायची, आधी कुणाकडे जायचं ते यंत्र ठरवणार. वशिला नको, ओळख नको. महिन्याभरात फुटके नळ दुरुस्त झाले, लोक खूश. काकीनं अकरा वेळा फोन केला. कुणी फिरकलं नाही. शेवटी हंडा घेऊन विहिरीवर गेली, शेवाळावरून पाय घसरला आणि मांडीचं हाड मोडलं.

मी तणतणत कचेरीत गेलो. "मॅडम, तुमचं यंत्र बहिरं आहे!"

यंत्र बसवणाऱ्या मॅडम शांतपणे म्हणाल्या, "तुमच्याच वह्या वाचून शिकलंय ते. 'नेहमीचंच' लिहिलेल्या घरी तुम्ही कधी गेलाच नाहीत. म्हणून तेही ती घरं शेवटी टाकतं."

"अशी किती घरं?"

"एकतीस. सगळी उताराची."

मॅडमनी यंत्राच्या पडद्यावर वहीचं पान दाखवलं. माझंच अक्षर. मेल्याहून मेल्यासारखं झालं हो! यंत्रानं काय केलं? माझाच कित्ता गिरवला.

चार दिवस वह्या घेऊन बसलो. 'नेहमीचंच' खोडून खरं काय ते लिहिलं: पाणी नाही, पाणी गढूळ, पाणी नाही. यंत्राला ते पुन्हा वाचायला दिलं. पाचव्या दिवशी उतार यादीत सगळ्यात वर आला आणि माणसं पाइप खणायला लागली.

मग दवाखान्यात जाऊन काकीला सगळं कबूल केलं. तेव्हाच तिनं जीभ झडायचा आशीर्वाद दिला. मग उशीवरून मान वळवून विचारलं,

"त्या यंत्राला पाच दिवसांत कळलं होय रे?"

"हो काकी."

"मग ते बरं म्हणायचं," ती म्हणाली. "तुला तर मी वीस वर्षं तोंडानं सांगत होते."